चोविसावा दात

बाळांनो, जरा दोन्ही हात पुढे करा. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवा आणि उजवा हात हळूहळू फिरवा. डावा निमूटपणे मागोमाग येतो की नाही? आता एकच बोट मिटून घ्या. तेवढ्या जागी पकड ढिली पडते. आता कल्पना करा, की तुमची बोटं म्हणजे लोखंडी दात आहेत, हात म्हणजे बिस्किटाएवढं एक दातेरी चाक आहे आणि त्या चाकावर एक अख्खी मोटरसायकल चालू व्हायची आहे. जमलं? मग आपण भिंगरीच्या आजोबांच्या घरात शिरायला हरकत नाही.

आजोबा वीजखात्यात लाइनमन होते. तुटलेल्या तारा जोडायला ते ज्या फटफटीवरून जात, ती अजून त्यांच्याकडे होती. तिची कंपनी मात्र केव्हाच बंद पडली होती. फटफटीला बटण नव्हतं, किक होती, आणि दोन महिन्यांपासून ती किक मधेच सटकत होती. त्यामुळे रोज सकाळी आजोबा गादीवर बसत, भिंगरीचे बाबा ऑफिसच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत मागून ढकलत आणि दहा वर्षांची भिंगरी पुढे पळत गेट उघडत असे.

सोमवारी फटफटी गेटापाशी एकदम सुरू झाली आणि सुसाट गेली. बाबांचे हात हवेत राहिले आणि बाबा बांधकामाच्या सिमेंटच्या ढिगात गेले.

"रविवारी सकाळी नऊला भंगारवाला येईल," बाबा भुवया झटकत म्हणाले. "मी सांगून ठेवतो."

"अरे, एवढ्याशा गोष्टीवरून—" आजोबा बोलू लागले.

"दादा, मी आज साहेबांसमोर पुतळ्यासारखा उभा राहणार आहे. आता काही बोलू नका."

त्या संध्याकाळी आजोबांनी इंजिन उघडलं, तेल काढलं, आणि आतून किकचं दातेरी चाक बाहेर आलं. चोवीस दातांपैकी एक मुळापासून तुटला होता. तो तुकडा आजोबांनी काड्यापेटीत घालून खिशात ठेवला.

मंगळवारी आजोबा आणि भिंगरी सुट्या भागांच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानदाराने कंपनीचं नाव ऐकून दात काढले. दुसऱ्याने आतल्या माणसाला हाक मारून त्यालाही ते ऐकवलं आणि मग दोघांनी काढले. तिसरा वयस्कर होता. त्याने चाक हातात घेऊन कुरवाळलं.

"आजोबा, या कंपनीचा वॉचमनसुद्धा आता पेन्शन खातोय. कुठून आणू?"

"काहीतरी पर्याय असेल ना?"

"आहे. नवी गाडी घ्या."

बुधवारी आजोबांना वाटलं, इमारतीच्या ग्रुपवर विचारावं. चाळीस घरं आहेत, कुणाच्या तरी माळ्यावर काहीतरी निघेल. आजोबा सांगत गेले आणि भिंगरी टाइप करत गेली. भिंगरीचा एक गुण असा, की सांगितलेलं ती काना-मात्रेसह उतरवते. आपल्या पदरचं काही घालत नाही. आणि आजोबांच्या डोक्यात दोन दिवस फटफटीशिवाय दुसरं काही नसल्यामुळे त्यांनी फटफटीचं नाव घेतलंच नाही. संदेश असा गेला:

"एक दात तुटला आहे. तेवीस शाबूत आहेत. दुसऱ्याचा वापरलेला मिळाला तरी चालेल. रविवारपर्यंत बसला नाही, तर मुलगा भंगारात देणार आहे. कृपया मदत करा. आपला, आजोबा, खोली चौदा."

अर्ध्या तासात ग्रुपवर बत्तीस जणांनी हात जोडले. "लोकांना फटफटीबद्दल एवढं वाटतं, माहीत नव्हतं," आजोबा गहिवरून म्हणाले.

संध्याकाळी बाबा कामावरून आले, तर वॉचमन खुर्चीतून उठला नाही. लिफ्टमधल्या दोन बायकांनी त्यांच्याकडे पाहून बोलणं थांबवलं. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "तेवीस शाबूत आहेत हो. अजून बरीच वर्षं जातील. विचार करा."

बाबांना वाटलं, सिमेंट अजून कुठेतरी राहिलंय. त्यांनी घरी येऊन पुन्हा आंघोळ केली.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी आजोबांच्या हातात एक डबी ठेवली. "आमच्या ह्यांची आहे. वर्षभरच वापरली. तुमच्या कामी आली तर त्यांना बरं वाटेल," एवढं बोलून, डोळे पुसत त्या निघून गेल्या. आजोबांनी डबी उघडली. आत कवळी होती.

"बाईंना हल्ली विसरायला होतंय," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "काही बोलू नकोस. सावकाश परत देऊ."

दुपारी पांढरा कोट घातलेले एक काका बॅग घेऊन दारात उभे राहिले. वकिलांनी त्यांना पाठवलं होतं. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या करण्यात त्यांची हयात गेली होती. आजोबांना वाटलं, लोखंडाचे भाग कातून देणारा लेथ मशीनवाला आला. त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"त्रास कधीपासून?" कवळीवाल्या काकांनी विचारलं.

"दोन महिने झाले. दोनदा पकडतो, तिसऱ्यांदा सटकतो."

"बरं, उघडा. बघू या."

"सोमवारपासून उघडूनच ठेवलंय. तेलही काढलं सगळं."

"तेल?"

"अर्धा लिटर निघालं. काळंकुट्ट."

काकांनी भिंगरीकडे प्यायला पाणी मागितलं. "तुटला कशाने?"

"लाथ मारताना."

"मुलाने मारली?" काकांचा आवाज खाली आला.

"छे, त्याला कुठली जमतेय. तो नुसता ढकलतो."

"ढकलतो? तुम्हाला?"

"रोज सकाळी, पार गेटापर्यंत. मीही काही म्हणत नाही. त्याने ढकलल्याशिवाय मी जागचा हलत नाही ना."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि आजोबांचा हात हातात घेतला. "तुम्ही माझ्याकडे राहायला चला. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे."

"तिकडे कशाला? चाक इथेच आहे," असं म्हणत आजोबांनी खिशातून काड्यापेटी काढली आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

काकांनी तो उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा दात त्यांनी पाहिला नव्हता. "ही दाढ कुणाची?"

"फटफटीची."

पुढची दोन मिनिटं कोण काय बोललं, ते सांगण्यात अर्थ नाही. तिघंही एकदम बोलत होते. शेवटी काका उठले आणि त्यांनी बॅग उचलली. "मी माणसांची कामं करतो. यंत्रांची नाही."

आजोबांनी दातांच्या कण्या केल्या. रविवारचं सांगितलं, भंगारवाल्याचं सांगितलं, पावसापाण्यात खांबावर चढताना खाली उभ्या राहिलेल्या फटफटीचं सांगितलं. काका चपलेत पाय घालतच होते. भिंगरी दारापाशी जाऊन उभी राहिली.

"काका, माणसाचा दात पडून गेलेला असतो. मग तो कसा होता, ते तुम्हाला कसं कळतं?"

"शेजारचा बघायचा. समोरचा बघायचा. त्यावरून अंदाज येतो."

"याला तर तेवीस शेजारी आहेत."

काकांनी चपलेतून पाय काढला.

मग काय, बॅगेतून गुलाबी लगदा निघाला आणि चाकाचा ठसा घेतला गेला. तुम्ही ओल्या मातीत पाय उमटवता ना, तसाच. शुक्रवारी शाळा सुटल्यावर भिंगरी आजोबांबरोबर काकांच्या कारखान्यात गेली. ठशावरून मेणाचं चाक झालं होतं. काकांनी मेणाचाच चोविसावा दात जोडला. चाकाभोवती मातीसारखं एक पीठ घट्ट बसवून ते भट्टीत ठेवलं, तसं मेण वितळून वाहून गेलं आणि आत चाकाच्या आकाराची पोकळी उरली. शनिवारी त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला.

"या धातूच्या दाताने माणूस वीस वर्षं अक्रोड फोडतो," काका म्हणाले. "तुमची फटफटी काय खाते?"

"पेट्रोल."

"मग मऊच की."

रविवारी आठ वाजता काकांच्या देखत चाक बसलं, तेल भरलं. नऊला भंगारवाला हातगाडी घेऊन आला. खाली निम्मी इमारत जमली होती, कारण भिंगरीच्या आईने ग्रुपवर खुलासा केला होता आणि तो कुणालाच खरा वाटला नव्हता. वकील तर खास आजोबांचे दात मोजायला आले होते.

आजोबांनी किक मारली. किक अर्ध्यात अडकली. पुन्हा मारली. पुन्हा तिथेच अडकली.

"उचलू का साहेब?" भंगारवाल्याने बाबांना विचारलं. बाबांनी घड्याळात पाहिलं, मग आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा थांब. चहा घे."

इंजिन पुन्हा उघडलं. चाक हातोहात फिरलं. कुणाला काही दिसेना. भिंगरीने ते डोळ्यासमोर धरून गोल फिरवलं, तीनदा.

"काका, तेवीस दात सरळ उभे आहेत. हा एकच जरा हसतोय."

काकांनी चाक घेतलं आणि त्यांचे कान लाल झाले. "सवय," ते पुटपुटले. "अगदी सरळ दात खोटा दिसतो. गिऱ्हाईक तक्रार करतं. म्हणून मी शेवटी एकाला जरासा तिरपा देतो. नैसर्गिक वाटावं म्हणून."

कवळी घासायचं बारीक यंत्र बॅगेतच होतं. पंधरा मिनिटं ते कुरकुरलं. सगळी इमारत नकळत आपापले गाल धरून उभी होती. भंगारवाल्याचा दुसरा चहा झाला. चाक आत गेलं, झाकण बसलं. आजोबांनी एक पाऊल मागे घेतलं आणि लाथ मारली.

फटफटी एका लाथेत सुरू झाली.

काय सांगू बाळांनो, असा आवाज झाला की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. वॉचमन गेट उघडायला धावला. आजोबांनी आवाराला तीन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीत मागे पांढरा कोट फडकावत कवळीवाले काका बसले होते. शिक्षिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी बाबांचा हात हातात घेऊन दोनदा दाबला, ती बहुधा माफी होती.

भंगारवाला मात्र फटफटीजवळ उकिडवा बसून तिच्या पोटाकडे बघत राहिला. "साहेब, अशीच एक माझ्याकडे पडलीय," तो म्हणाला. "हिरवी. तोडायला जीव होत नाही. तिचाही किकचाच घोळ आहे."

"दात?" काकांनी विचारलं.

"एक गेलाय."

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "हिरवी म्हणजे गडद, की पोपटी?"

"अहो," आई म्हणाली.

"मी नुसतं विचारतोय."

पण तोवर भिंगरी वर जाऊन शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन आली होती. फटफटी ठेवतात ती जिन्याखालची जागा तिने मापली, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि दुसरी फटफटी मावायला वीतभर जागा कमी पडते म्हटल्यावर, तिथलं घरादाराच्या चपलांचं कपाट ढकलत ढकलत बाहेर नेऊन भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी उभं केलं.