पॉलिशचा शेवटचा हात

बालवाडीच्या निरोपसमारंभात पालकांतर्फे आभार मानण्याचे काम फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराच्या गळ्यात पडले, आणि त्याची झोपच उडाली. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. दुकानात गिऱ्हाइकांशीसुद्धा तो एकच वाक्य धडपणे बोले, "पूर्ण वाळल्याशिवाय बसू नका."

पण आभार तर मानायचे होते, आणि मनापासून मानायचे होते. त्याच्या मुलीने, म्हणजे ठकीने, पहिल्या दिवशी त्याच्या पायाला अशी मिठी मारली होती की सुटता सुटेना. "रडू नकोस. बाई चांगल्या आहेत. मी लगेच घ्यायला येतो," हे सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला. दुसऱ्या कुणी पोर आत ओढून दार लावले असते. या बाईंनी त्यालाच आत बोलावले, छोट्या खुर्चीवर बसवले आणि हातात मणी ओवायला दिले. असे बरेच दिवस चालले. मग एका सकाळी ठकीच म्हणाली, "बाबा, तू जा आता. मला काम आहे." तो घरी गेला तो डोळे पुसतच.

तेव्हा बोलता येत नाही तर हाताने करून दाखवावे, असे त्याने ठरवले. बालवाडीच्या त्या छोट्या खुर्च्यांची पार रया गेली होती. बाईंना न सांगता, मदतनीस मावशींना हाताशी धरून, त्याने त्या मागच्या खोलीत घासल्या, पॉलिश केल्या. समारंभाच्या शेवटी खोलीचे दार उघडायचे, की झाले भाषण!

आदल्या संध्याकाळी बायको बघायला आली. "अहो, आरशासारख्या झाल्यात की. चला आता."

"एक शेवटचा हात मारतो."

"अति तिथं माती, सांगून ठेवते."

त्याने हात मारलाच. वर धूळ बसू नये म्हणून खिडक्याही बंद केल्या. हवा आधीच दमट होती.

समारंभाच्या दिवशी भाड्याच्या मोठ्या खुर्च्या आल्याच नाहीत. पण मावशी असताना कुणाचे काय अडणार? शेवटच्या हाताचे त्यांना ठाऊक नव्हते; त्यांनी मागची खोली उघडली आणि छोट्या खुर्च्या भराभर मांडून टाकल्या. बायको ठकीला घेऊन आधीच आली होती. नखांतले पॉलिश काढता काढता कारागिराला उशीर झाला. तो पोचला तेव्हा सगळे आईबाप गुडघे हनुवटीला लावून बसलेले. त्याने आपल्या खुर्चीवर अंगठा टेकवला. अंगठ्याचा ठसा उमटला.

"बसू नकोस!" तो बायकोच्या कानाशी कुजबुजला.

"बसले की केव्हाची. का?"

"ओलं आहे."

बायकोने आपल्या ठेवणीतल्या कपड्यांकडे पाहिले आणि मग नवऱ्याकडे. तिने बोलायचे काही बाकी ठेवले नाही, फक्त तोंड उघडले नाही.

सगळ्यांना सांगावे म्हणून तो वळला, तेवढ्यात पेटी सुरू झाली. व्यासपीठावर कागदी पाकळ्या लावलेली ठकी उभी होती. इतर मुले गाऊ लागली, पण हिचे ओठ थरथरत होते. उभा राहिलेला बाप बहुधा निघालाच, असे तिला वाटले असावे.

"बाबा, खाली बस ना!"

जन्मभर लोकांना बसू नका म्हणणारा तो माणूस, पूर्ण जाणूनबुजून, बसला. ठकी लगेच गाऊ लागली, आणि सगळ्यांत मोठ्याने.

गाणी संपली. कुणी उठेना. कुणी उठायला गेले की खालून चर्र आवाज येई आणि माणूस मुकाट्याने परत टेके. बाई पुढे आल्या.

"दर वर्षी शेवटचं गाणं संपायच्या आत निम्मे पालक दारात असतात. आज एकही जण उठला नाही. याहून मोठे आभार कुठले?" त्यांनी डोळे टिपले. "तरी पण दोन शब्द बोला तुम्ही."

कारागीर उठला. खुर्चीही उठली.

"बाई," तो म्हणाला, "आभार आणलेत, पण... ते मागे आहेत." आणि त्याने पाठ फिरवून दाखवले.

आधी मुले हसली, मग बाई, आणि मग चिकटलेले आईबाप, जेवढे हलता येईल तेवढे हलून. दुकानातून पॉलिश सोडवणारे टर्पेंटाइन आणल्याशिवाय सुटका नव्हती. मावशींना डबा ओळखू आला नसता, म्हणून ठकी सोबत निघाली.

"बसलाच आहात, तर हे घ्या," म्हणत बाईंनी प्रत्येक पालकाच्या हातात मणी दिले. कारागिराने दोरा हातात घेतला, आणि इतका वेळ हसणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

दारातून ठकी परत धावत आली. तिने बापाच्या गालावर हात ठेवला.

"रडू नकोस. बाई चांगल्या आहेत. मी लगेच घ्यायला येते."

आणि मावशींचा हात धरून ती गेली. तो मणी ओवत बसला.