कोंडोर येत नाही म्हणे

रावजीशेठनी केबिनच्या दारात उभं राहून विचारलं, "गुरुजी, ते कोंडोर कार्ड कधी येतंय, काय कळलं का?" आणि देवव्रत खेडलेकर मान वर न करता म्हणाले, "ते रद्द झालं म्हणतात."

खरं तर असं कुणीच म्हणत नव्हतं. पण 'म्हणतात' या शब्दाची सोय अशी, की कोण म्हणतं ते सांगावं लागत नाही. रावजीशेठनीही विचारलं नाही. बाजारात यायच्या आधीच रद्द कसं होतं, एवढं स्वतःशी पुटपुटत ते आत गेले. पलीकडच्या टेबलावर प्रतिभाचा माउस क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

ही गोष्ट २००३ सालच्या सप्टेंबरमधली. कुंभमेळ्याची गर्दी ओसरून नाशिकचे रस्ते पुन्हा नाशिककरांच्या ताब्यात आले होते. मखमलाबादच्या वावरात टोमॅटो तोडत लहानाचे मोठे झालेले रावजीशेठ आता बिल्डर होते. इंदिरानगरला आईच्या नावानं त्यांची तिसरी इमारत उभी राहणार होती, नवसाई हाइट्स. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात देवव्रत चौदा वर्षं इमारतींची चित्रं काढत होते. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिकून घेतलेल्या कॉम्प्युटरवर. चित्रात इमारतीपुढे हिरवळ, हिरवळीवर पांढरी गाडी आणि गाडीजवळ हसणारं चौकोनी कुटुंब. त्या कुटुंबाला बघून लोकांनी दोन इमारती बुक केल्या होत्या.

प्रतिभा मनमाडची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी. तिला येऊन दीड वर्ष झालं होतं. एका मीटिंगमध्ये ती म्हणाली की नुसतं चित्र कशाला दाखवायचं, गिऱ्हाईकालाच त्या घरात फिरू द्यावं. हातात माउस द्यायचा, त्यानं दार उघडून आत जायचं, गॅलरीत उभं राहायचं. फक्त त्यासाठी कॉम्प्युटरला क्षणोक्षणी चित्र नव्यानं काढावं लागतं, आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नाही. परदेशातली एक कंपनी नोव्हेंबरात कोंडोर नावाचं कार्ड आणते आहे, त्यांच्या सगळ्या कार्डांत थोरलं. ते मिळालं तर डिसेंबरच्या गृहप्रदर्शनात आपल्या स्टॉलसमोर रांग लागेल.

रावजीशेठनी जागच्या जागी हुकूम सोडला. कार्ड आणायचं, ते प्रतिभाच्या मशीनमध्ये बसवायचं आणि स्टॉल प्रतिभानं सांभाळायचा. मग त्यांना देवव्रतांची आठवण झाली. त्यांनी प्रेमानं सांगितलं, "गुरुजी, तुम्ही तिला जरा पडद्याचे रंग बिंग सांगा."

देवव्रत वाईट माणूस नव्हते. ऑफिसात कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला फोन ते करत. पण 'पडद्याचे रंग' हे दोन शब्द त्यांना आठवडाभर टोचत राहिले आणि त्यातूनच ते वाक्य निघालं. संध्याकाळी ते दुरुस्त करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा रावजीशेठ साइटवर गेले होते. सकाळी सांगू असं ते स्वतःशी म्हणाले, तर सकाळपर्यंत उशीर झाला होता.

उशीर व्हायला कारण ते 'गुरुजी' हे नाव. देवव्रतांचे वडील आणि काका पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करत. देवव्रतांनी स्वतः कधी पळीसुद्धा हातात धरली नव्हती. तरी त्या घरातल्या माणसाचा शब्द रावजीशेठना खालच्या पायरीवर ठेवता येत नसे. त्यांनी लगेच एम. जी. रोडवर सावळीरामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन करून सांगितलं, आमचे गुरुजी म्हणतात, कार्ड रद्द झालं. सावळीरामकडे त्या कार्डासाठी नाव नोंदवलेले आणखी चार जण होते. त्यानं घाबरून मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारलं. व्यापाऱ्यानं उलट विचारलं, हे कोण सांगतंय. कॉलेज रोडवरचे एक गुरुजी, असं सांगणं सावळीरामला बरं दिसेना. तो म्हणाला, "इथली एक मोठी बांधकाम कंपनी आहे. त्यांच्याकडे आतली बातमी आहे."

इकडे प्रतिभानं सायबर कॅफेत जाऊन अशा कार्डांच्या शौकिनांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला, की नाशिकला कोंडोर रद्द झाल्याचं ऐकलं, हे खरं आहे का. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एकानं लिहिलं, मीही मुंबईच्या व्यापाऱ्याकडून हेच ऐकलं. बंगळूरच्या एकानं लिहिलं, दोन वेगळ्या शहरांतून दुजोरा मिळाला म्हणजे प्रश्न मिटला. नवव्या दिवशी अशा बातम्यांवरच पोट भरणाऱ्या एका अमेरिकन वेबसाइटनं मोठ्या अक्षरांत छापलं, की भारतातल्या वितरकांच्या विश्वसनीय सूत्रांनुसार कोंडोर कायमचं रद्द.

सावळीराम तो कागद प्रिंट करून स्वतः घेऊन आला. रावजीशेठनी तो देवव्रतांना मोठ्यानं वाचायला लावला. वाचता वाचता देवव्रतांना आधी घाम फुटला. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांना वाटलं, म्हणजे आपण खोटं बोललोच नव्हतो, फक्त नऊ दिवस आधी बोललो होतो.

रावजीशेठ आत गेल्यावर प्रतिभानं हळूच विचारलं, "सर, तुम्ही त्या दिवशी कुठं वाचलं होतं?"

"आता आठवत नाही गं. बरंच वाचत असतो."

ती "बरं" म्हणाली आणि कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं खुलासा केला. बातमी निराधार आहे, कार्ड ठरल्या दिवशी बाजारात येईल. प्रतिभानं तो खुलासा रावजीशेठच्या टेबलावर ठेवला. ते वाचून हसले. "नाय म्हणायला लागले म्हणजे नक्की काहीतरी हाय. आपलं काम बंद पडतं तवा आपण पेपरात काय छापतो? काम जोरात चालू आहे."

या अनुभवापुढे कंपनीचा खुलासा टिकला नाही. सावळीरामनं ऑर्डर रद्द केली. रावजीशेठनी स्टॉलही प्रतिभाकडून काढून देवव्रतांकडे दिला, कारण ज्याला संकट आधी दिसतं तोच माणूस पुढे हवा. प्रतिभानं केलेलं घर आता जुन्याच कार्डावर चालवायचं होतं. ते चालणार नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. देवव्रत म्हणाले, थोडं हलकं करू. त्यांनी आधी झाडं काढली, मग सोफा, मग पडदे. शेवटी खिडक्याही काढल्या. तरी ते घर पाय ओढत ओढतच चालत होतं.

कोंडोर ठरल्या दिवशी बाजारात आलं. मुंबईत आलं, पुण्यात आलं. नाशिकला सावळीरामनं नकोच म्हटलं होतं, त्यामुळे आता त्याचा नंबर दोन महिन्यांनी लागणार होता. गंगापूर रोडवरच्या एका बिल्डरनं मात्र थेट पुण्याहून एक आणलं आणि तो ते चालवणारं माणूस शोधायला लागला. प्रतिभानं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जाताना तिनं देवव्रतांना आपल्या सगळ्या फाइली कुठं आहेत ते नीट दाखवलं, प्रदर्शनात माउस हळू हलवायला सांगा असंही सांगितलं. त्या नीटपणाचा देवव्रतांना फार त्रास झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी स्टॉलचं उद्घाटन रावजीशेठच्या आईनं केलं. नवसाबाईंनी नवं नऊवारी लुगडं नेसलं होतं. फीत कापून झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवून हातात माउस दिला आणि मोठ्या पडद्यावर नवसाई हाइट्सचा हॉल उघडला. देवव्रतांनी सांगितलं, आजी, हे हळूच पुढे सरकवा, म्हणजे तुम्ही घरात चालायला लागाल.

नवसाबाईंनी सरकवलं. काही झालं नाही. जन्मभर मोटेवर आणि नांगरावर काम केलेल्या बाईला हळू हा प्रकार माहीत नव्हता. त्यांनी जोर लावून आणखी तीन वेळा ओढलं. चार सेकंदांनी ते सगळे हिसके एकदमच कॉम्प्युटरला पोचले. पडद्यावरचा हॉल गरकन फिरला, नवसाबाई भिंतीतून आरपार संडासात शिरल्या आणि संडासाच्या पलीकडच्या भिंतीत जाऊन रुतल्या. पडदाभर नुसता करडा रंग. कॉम्प्युटर तिथंच थिजला.

नवसाबाईंनी त्या करड्या रंगाकडे निरखून बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आरं, या घराला दार कुठं हाय?"

देवव्रत गडबडून म्हणाले, "आहे आजी, पण ते अजून आलेलं नाही."

मागे उभ्या असलेल्या साठ-सत्तर लोकांनी हे ऐकलं. दुपारपर्यंत प्रदर्शनात पसरलं, की नवसाई हाइट्सच्या फ्लॅटला दार ठेवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी इंदिरानगरात लोक बोलत होते, की खुद्द मालकाच्या आईनं नकाशात चूक काढली. तिसऱ्या दिवशी बुकिंग केलेले एक निवृत्त मुख्याध्यापक छत्री टेकत ऑफिसात आले आणि त्यांनी विचारलं, "इमारतीची परवानगी रद्द झाली म्हणतात, ते खरं का?"

रावजीशेठनी पेपरात जाहिरात दिली. काम जोरात चालू आहे. त्यानंतर मुख्याध्यापकांसारखे आणखी अकरा जण आले. जानेवारीत सुरू व्हायचा दुसरा मजला फेब्रुवारी उजाडला तरी सुरू झाला नाही. बिगारी, गवंडी एक एक करून दुसऱ्या साइटवर निघून गेले. नवसाबाई मुलाला म्हणाल्या, माझं नाव तेवढं काढून टाक त्या पाटीवरून. ते ऐकल्यापासून रावजीशेठ केबिनमध्ये दिवा न लावता बसायला लागले.

हे बघवेना तेव्हा देवव्रत एका सकाळी केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. कार्ड रद्द झाल्याचं मी कुठंही वाचलं नव्हतं. मला ते प्रतिभाला मिळू द्यायचं नव्हतं. जे झालं ते माझ्या त्या एका वाक्यानं झालं.

रावजीशेठनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून तो प्रिंट केलेला कागद काढून टेबलावर सरळ केला.

"हे अमेरिकेतलं हाय, गुरुजी. तुम्ही कॉलेज रोडवर बसून अमेरिकेला गंडवलं म्हणता?"

"हो, शेठ. म्हणजे... तसंच झालं."

रावजीशेठ उठून आले आणि त्यांनी देवव्रतांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता, ते म्हणाले, पण तुम्ही दुसऱ्याचं पापबी आपल्या अंगावर घेताय. शेवटी संस्कार लागतात. त्यांनी देवव्रतांना आठ दिवसांची रजा दिली, डॉक्टरला दाखवून घ्या असं सुचवलं आणि यापुढे ऑफिसात कुठलंही यंत्र गुरुजींना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, असा लेखी आदेश काढला.

रजेच्या तिसऱ्या दिवशी दुपारी देवव्रत गंगापूर रोडला प्रतिभाच्या नव्या ऑफिसात गेले. तिनं खुर्ची दिली, पाणी मागवलं. तिच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा होता. देवव्रतांनी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं.

"मला माहीत होतं सर," ती म्हणाली. "त्याच दिवशी संध्याकाळी मी सगळीकडे शोधलं. कुठंच काही नव्हतं. फोरमवर विचारलं ते कुणीतरी नाही म्हणावं म्हणून. सगळे हो म्हणत सुटले."

"मग शेठना का नाही सांगितलंस?"

"शेठनी मला विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारलं होतं." तिनं पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ सरकवला. "तुम्ही नुसतं म्हणाला असता ना, की मलाही हे काम करायचंय, तर मला हवंच होतं. एकटीला ते आवरत नव्हतं."

मग तिनंच पडदा चालू केला आणि माउस देवव्रतांच्या हातात दिला. दार उघडलं. ते आत गेले. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, कुठं धक्का नाही की अडखळणं नाही. पाण्यातून चालावं तसं ते घरभर फिरले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. टेबलावर सकाळचा चहा मांडलेला होता, खाली पेपर पडला होता आणि फरशीवर कोवळं ऊन लांबवर पसरलं होतं. त्यांना एकही खोट काढता येईना. मग आली.

"ही गॅलरी पश्चिमेला आहे," ते म्हणाले. "मी हा प्लॉट बघितलाय. इथं सकाळचं ऊन येणार नाही. ते दुसऱ्या बाजूला घे."

चौदा वर्षांत त्यांनी इतकं खरं आणि इतकं उपयोगाचं वाक्य क्वचितच उच्चारलं असेल. प्रतिभानं माउस परत आपल्याकडे घेतला.

"बघते," ती म्हणाली.

देवव्रत उठले. दाराबाहेर चपला घालताना त्यांना तिचा आवाज ऐकू आला. ती साइटवर फोन लावून कुणाला तरी विचारत होती, "दादा, एक काम करता का? जरा बाहेर येऊन बघता, आपली गॅलरी नक्की कुठल्या बाजूला आहे?"