सीलबंद जेवण

वकील संघाच्या दिवाळखोरी विभागाची अवस्था नावाला शोभेशीच झाली होती. वर्षभरात तीन व्याख्यानं ठरली. पहिल्याला वक्ता आला नाही, दुसऱ्याला श्रोते आले नाहीत. तिसऱ्याला दोघंही आले, तर हॉलची किल्ली सापडेना. तेव्हा कर विभागाच्या प्रमुखांनी ठरावच आणला की हा विभाग आमच्यात विलीन करून टाका. वार्षिक सभेत जेवणं झाली की मतदान.

"आज बघच तू," दिवाळखोरी विभागाचे चिटणीस सकाळी बूट घालताना बायकोला म्हणाले. "असं प्रात्यक्षिक दाखवतो की ठराव आणणाराच तोंड लपवेल."

"डाव्या पायात उजवा बूट घातलाय तुम्ही," बायको म्हणाली.

प्रात्यक्षिक मात्र खरंच रंगलं. एका बुडालेल्या दुकानदाराची सुनावणी होती. न्यायाधीश म्हणून खरेखुरे निवृत्त न्यायाधीश बसवले होते. हॉलशेजारची खोली म्हणजे दुकान. न्यायाधीशांनी हुकूम दिला आणि चिटणिसांनी खरी लाख वितळवून, पितळी शिक्का मारून खोलीला सील ठोकलं. नवशिक्या वकिलांना बजावलं, "कोर्टाच्या परवानगीशिवाय हे सील फोडणं म्हणजे गुन्हा. उपाशी मेलात तरी हात लावायचा नाही." टाळ्या पडल्या. न्यायाधीश फोन टेबलावरच ठेवून पाय मोकळे करायला बाहेर पडले.

तेवढ्यात आचारी आला. "साहेब, मोरीचा नळ फुटला म्हणून जेवणाची भांडी मी त्या खोलीत हलवली होती. दार कुणी लावलं?"

चिटणीस दाराकडे धावले, तर कर विभागाचे प्रमुख आधीच तिथे हात मागे बांधून उभे.

"फोडा की," ते गोड आवाजात म्हणाले. "आपलाच धडा तासाभरात कसा मोडायचा, हेही पोरांना कळू दे. मग मतदान करू."

आता सील फोडलं तर विभाग गेला आणि नाही फोडलं तर जेवण गेलं. चिटणिसांनी मान ताठ केली. "न्यायाधीश येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"अहो, पण भात गार होतोय," आचारी कळवळला.

"नाशवंत माल आहे, लगेच विकता येतो," एक वकील म्हणाला.

"आधी सावकारांना नोटीस," दुसरा म्हणाला.

"भांडी दुकानदाराचीच कशावरून?" तिसऱ्याने शंका काढली आणि वाद असा पेटला की वर्षभरात त्या विभागात एवढी चर्चा झाली नव्हती. हळूहळू मागच्या रांगा मात्र विरळ होऊ लागल्या.

पाऊण तासाने न्यायाधीश दात कोरत परतले. "काय, झाली का जेवणं?"

चिटणिसांनी हात जोडले. "महाराज, सील उघडायची परवानगी असावी."

न्यायाधीश सवयीने खुर्चीत बसले, सवयीनेच चष्मा चढवला. "सावकारांचं म्हणणं?"

सावकाराचा वकील झालेला तरुण पुरता भूमिकेत शिरला होता. "म्हणणं मांडायला मुदत हवी, महाराज."

"दिली. पुढच्या बुधवारी," न्यायाधीश म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत उठून गाडीत बसलेसुद्धा.

कर विभागाच्या प्रमुखांना हसू आवरेना. "घ्या आता मतदान," ते संघाच्या अध्यक्षांना म्हणाले.

अध्यक्षांनी हॉलवरून नजर फिरवली. पुढच्या रांगेत चिटणीस आणि सावकाराचा तरुण वकील, कोपऱ्यात आचारी, बाकी खुर्च्याच खुर्च्या. सगळा संघ रस्त्यापलीकडच्या खानावळीत जेवत होता.

"मतदानाला सभासद कुठायत?" अध्यक्ष वैतागून म्हणाले. "ठराव पुढच्या वर्षी."

संध्याकाळी दार उघडताच बायकोने विचारलं, "वाचला का विभाग?"

"वाचला."

"म्हणजे प्रात्यक्षिक आवडलं लोकांना?"

"लोक उरलेच नव्हते," चिटणीस खुर्चीत कोसळत म्हणाले.

"आणि तुम्ही जेवलात का?"

"बुधवारी," ते म्हणाले. "तेही सावकारांनी हरकत घेतली नाही तर."