मागचा गिअर

गळ्यात माळ घातल्यापासून सुंदररावांनी मासळीकडे वळून पाहिलं नव्हतं.

होडीच्या मोटारीला चालायला पेट्रोल लागतं आणि थंड राहायला पाणी. कोरडी चालवली तर ती जळते.

केशरबाईचा हंडा रांगेत पहिला असतो. केशरबाई नसली तरी हंडा असतो.

तलावात ज्वारी हुरड्याला आली होती.

टँकर ज्या गावात पाणी नाही त्याच गावाला मिळतो.

वरील बाबींचा परस्परांशी काही संबंध नाही, असं प्रथमदर्शनी वाटेल. केज तालुक्यातल्या आमच्या गावालाही तसंच वाटत होतं. पण आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेची तपासणी लागली आणि संबंध उघडकीस आला.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव. मालमत्ता म्हणाल तर एक होडी आणि होडीच्या मागे लावायची एक जुनी मोटार. कोकणातल्या कुठल्याशा संस्थेने ती टाकून दिली होती, आम्ही ती सन्मानपूर्वक स्वीकारली होती. तपासणीत एवढंच बघणार होते की मोटार पुढे, मधे आणि मागे अशा तिन्ही गिअरमध्ये चालते का. चालली तर संस्था जिवंत. नाही तर मृत, आणि मृत संस्थेच्या चेअरमनला जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मत नसतं. तलावात पाणी आहे का, हा मुद्दा तपासणीच्या कक्षेत येत नव्हता. ते खातं वेगळं.

मोटार मागे जात नव्हती. दांडा पुढे ढकला, मधे ठेवा, मागे ओढा, पंखा आपला पुढेच. सुंदररावांनी नारळ फोडून पाहिला. मग केजहून बंकट मिस्तरीला बोलावलं. ट्रॅक्टर दुरुस्तीत बंकटचा हात धरणारं कोणी नव्हतं. होडी मात्र त्याने कॅलेंडरवर पाहिली होती. त्याने कोणाला तरी फोन लावला आणि गिअरच्या डब्यातलं तेल काढलं. आत पाणी शिरलं असतं तर तेल दुधासारखं पांढरं झालं असतं.

“पाणी शिरल्याची खूण न्हाई,” तो म्हणाला.

“गावात न्हाई ते तेलात कुठून येईल?” केशरबाई म्हणाली.

पुढचा तपास पाण्याशिवाय होणार नव्हता. म्हणून त्या दिवशीचा टँकर विहिरीऐवजी गुरांच्या हौदात रिता करण्यात आला. बायकांनी हरकत घेतली. सुंदररावांनी ती ऐकून घेतली आणि समजावलं, “काकू, मोटार पाणी पीत न्हाई. नुसती बुडून ऱ्हाती.”

“मग तुमी बी ऱ्हावा बुडून. आमी आधी भरून घेतो,” केशरबाई म्हणाली.

मोटार हौदाच्या कठड्याला लटकवून सुरू केली. दांडा मधे होता, तरी पंखा पुढच्या गिअरमध्ये फिरला आणि अर्धा हौद समोरच्या बाजूने बाहेर उडाला. दुसऱ्या खेपेपर्यंत बायकांनी हंडे तिथे नेऊन मांडले. त्या संध्याकाळी गावाच्या आमटीला पेट्रोलचा वास होता.

अखेर दोष सापडला. केबलचा नट ढिला होऊन दांड्याचं मधलं आणि मोटारीचं मधलं वेगळं झालं होतं. उपाय सोपा होता. केबल सोडायची, दोघांना आपापल्या मधल्या जागी आणायचं आणि मगच नट आवळायचा. बंकटने पाना उचलला तेव्हा केशरबाई शेजारी येऊन बसली.

“बंकटभाऊ, मागचा गिअर कावून पायजे? ऱ्हाऊ द्या की असाच. मोटार लई चांगली चालली तर सायेब म्हणंल पाणी हाय. टँकर जाईल.”

“मावशी, अर्धं काम सोडत न्हाई आमी,” बंकट म्हणाला. त्याने नट आवळला.

तपासणीला साहेब इस्त्रीच्या सफारीत आले. दांडा आपल्याच हाताने टाकणार, असा त्यांचा आग्रह होता, म्हणून त्यांना मोटारीच्या मागे उभं केलं. पुढचा गिअर टाकला, समोरचे हंडे भरले. मधे आणला, पाणी निवांत झालं. मग साहेबांनी मागचा टाकला. पंखा उलटा फिरला, आणि हौदात जेवढं होतं तेवढं पाणी साहेबांच्या अंगावर आलं.

सुंदररावांनी टाळ्या वाजवल्या. केशरबाईने डोक्याला हात लावला.

साहेबांचा अभिप्राय न्याय्यच होता: ‘मोटार तिन्ही गिअरमध्ये उत्तम. गावात पाणी मुबलक. अधोस्वाक्षरीकार स्वतः नखशिखांत भिजले.’

टँकर बंद झाला. केशरबाई बायकांना घेऊन तहसिलीत गेली. तिथल्या अव्वल कारकुनाने सगळं सहानुभूतीने ऐकलं आणि विचारलं, “होडी चालते ना तुमची? मागंसुद्धा जाते?”

“जाती.”

“मग होडीनं आणा पाणी.”

तसा लेखी आदेश निघाला. आदेश पाळायचा म्हणून रोज सकाळी होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढते, तिच्यात हंडे, हंड्यांमध्ये बायका, आणि वरात शेजारच्या गावच्या विहिरीवर जाते. ट्रॉली मागे घ्यायची वेळ आली की केशरबाई होडीचा दांडाही मागे ओढते. आदेशात त्रुटी नको. गेल्या आठवड्यात त्या गावचाही टँकर बंद झाला. तिथे होडी येते, हे कारण पुरेसं होतं.

सुंदररावांनी मत दिलं. शिवाय तलावातली ज्वारी त्यांचीच, ती यंदा जोमदार आली. संस्थेने नव्या होडीची मागणी केली आहे, या वेळी दोन मोटारींची. वाचकांनीही आपल्या गावासाठी अर्ज करायला हरकत नाही. पाण्याची अट नाही.

पहिली होडी गावात वाजतगाजत आली, त्या दिवशीही तलावात ज्वारीच होती, आणि टाळ्या आम्ही सगळ्यांनी वाजवल्या होत्या.