रिकाम्या बादलीची बखर

श्रीगजाननाचे चरणीं दंडवत, ग्रामदेवतेस नारळ, आणि जिचेवांचून राजाचेंही अंगण उजळत नाहीं त्या केरसुणी लक्ष्मीस हळदकुंकू वाहोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिक मास. नदीकांठीं एक राज्य होतें. राज्य लहान, परंतु त्याचा उकिरडा थोर. वाडवडिलांपासून टाकीत आले आणि ढीग वाढत गेला, आणि वाढतां वाढतां त्याचा डोंगर जाहला, आणि परमुलुखींचे वाटसरू लांबून पाहोन "हा किल्ला कोणता?" म्हणोन पुसों लागले, आणि वारा फिरला म्हणजे उत्तर त्यांचें त्यांसच मिळों लागलें. पुढें डोंगरास पाय पसरण्यास जागा उरली नाहीं, तेव्हां हुजुरांनीं दरबार भरविला आणि केरकचऱ्याचा सुभा गोमाजीपंत रसाळ यांजकडे सांगितला. पंत मोठे मसलती. जन्मांत केर काढिला नव्हता, परंतु केराविषयीं बोलूं लागले म्हणजे ऐकणारास सुगंध यावा. त्यांनीं अर्ज केला कीं घरोघरीं दोन बादल्या वाटाव्या, हिरवींत ओलें घालावें, निळींत सुकें घालावें, मग घंटागाडीनें दोन्हीं वेगळालीं न्यावीं, ओल्याचें खत करावें, सुकें भंगारवाल्यांस द्यावें, आणि डोंगर आपोआप उतरावा. हुजूर खुश जाहले आणि भरदरबारीं वदले, "पंत, शिमग्यापर्यंत डोंगर निम्मा दिसला पाहिजे. न दिसला तर नव्या ढिगास जागा आम्हीं पाहून ठेविली आहे. तुमचें परसूं." दरबार हंसला. पंतही हंसले, परंतु दांत दाखविण्यापुरते. कारण पंतांचें परसूं म्हणजे पंतांचा प्राण. तेथें लिंबोणी, तेथें झोपाळा, आणि सायंकाळीं चहाचा पेला घेऊन पंत तेथें बसत आणि राज्याची चिंता करीत, म्हणजे डुलकी घेत. घरीं येऊन त्यांनीं हें वर्तमान सांगितलें, तेव्हां कुटुंब द्वारकाबाई मेथी निवडीत होत्या, त्या मान वर न करतां म्हणाल्या, "येऊं द्या कीं ढीग. मी माहेरीं जाईन. तुम्ही आणि ढीग, दोघे बसा झोपाळ्यावर."

मग बादल्या वाटल्या. बादल्या ऐशा नामी, घट्ट झांकणाच्या, कीं बायकांनीं कुंकवाचें बोट लावून घरांत घेतल्या. घंटागाडीचे सरनौबत बाबाजी भोंगळे यांनीं पहिले दिवशीं घंटा वाजवितांच सारें राज्य उंबरठ्यावर आलें, आणि हिरवींत भाजीचीं देंठें आणि चहाचा चोथा, आणि निळींत दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून, ऐसें निवडून दिलें कीं बाबाजींस गहिंवर आला. त्यांनीं बादल्या गाडींत उपड्या केल्या, दोन वेळां झटकल्या, आणि ज्याच्या त्याच्या दारीं ठेवून पुढें गेले. दुसरे दिवशीं घंटा वाजली आणि एकही दार उघडलें नाहीं. पुढेंही तेंच. सांज जाहली म्हणजे ओलें सुकें एकाच पिशवींत गांठ मारून ओढ्याकडे भिरकावलें जाई, आणि पुसलें तर जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवी. पंतांनीं दवंडी पिटविली, भिंतींवर बोधवचनें रंगविलीं, आणि घंटागाडीस भोंगा बांधून त्यांत आपल्या आवाजांत उपदेश भरला. उपदेश पोरांस तोंडपाठ जाहला, दार उघडेना. मग स्वच्छतेवर कीर्तन ठेविलें. कीर्तनास अलोट गर्दी लोटली, आणि प्रसादाच्या द्रोणांनीं डोंगर हातभर वाढला. ऐसें करितां पौष लागला आणि हुजुरांकडील मोजणीदार पंतांच्या परसांत येऊन दोरी लावून गेले, आणि जातांना म्हणाले, "जागा ऐसपैस आहे, पंत. ढीग सुखानें नांदेल."

तेव्हां पंतांचा धीर सुटला आणि ते स्वतां बाबाजींसह गाडीवर बसोन तांबट आळीवर चालून गेले. तांबट आळी म्हणजे राज्याचें नाक, आणि आवडाबाई तांबट म्हणजे आळीचें नाक. त्यांनीं सकाळीं जें करावें तें बाकीच्या आळ्या दुपारपर्यंत करीत. आवडाबाई ओट्यावर शेंगा सोलीत बसल्या होत्या. पंत म्हणाले, "आवडाबाई, बादली कां देत नाहीं?"

"कोणती बादली?"

"सरकारी."

"ती होय? बरी आहे ती. तांदूळ आहेत तींत."

"अहो, ती कचऱ्याची."

"दिली होती कीं पहिल्या दिवशीं. भरून दिली. परत कशी आली तें तुमच्या सेनापतींस पुसा."

बाबाजी म्हणाले, "चांगली झटकून दिली, मावशी. कण ठेवला नाहीं."

"तेंच म्हणतें मी. कण ठेवला नाहीं." आवडाबाईंनीं शेंग मोडली. "पंत, तुमच्याकडे शेजारून डबा येतो तो परत कसा जातो?"

"विसळून."

"रिकामा?"

पंत विचारांत पडले. डबा येतो हें त्यांस ठावें होतें, त्यांतल्या वड्या तर चांगल्याच ठाव्या होत्या, परंतु डबा परत कसा जातो हा महाल त्यांच्या अंमलांत नव्हता. आवडाबाई म्हणाल्या, "घरीं जाऊन विचारा. आणि बाबाजी, ओंजळ धरा. शेंगा घ्या. आमच्या दारावरून कोणी रिकाम्या हातानें जात नाहीं."

पंत घरीं आले आणि द्वारकाबाईंस पुसते जाहले. द्वारकाबाई हंसतां हंसतां भिंतीस टेकल्या. म्हणाल्या, "इतकीं वर्षें जेवतां आणि एवढें ठाऊक नाहीं? आलेलें भांडें रिकामें परत करूं नये. घरांत कांहीं नसलें तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामें देऊं नये. तुमच्या गाडीनें साऱ्या राज्याच्या बायकांच्या दारीं रिकाम्या बादल्या ठेविल्या. वर झटकल्या."

"मग तूं बोलली कां नाहींस?"

"बोलूं कधीं? भोंग्यांतून तुम्हींच बोलत होतां."

पंत हळूच म्हणाले, "आणि आपली बादली?"

"तींत बाजरीचें पीठ आहे."

मग पंतांनीं जुन्या डोंगराचा पाया उकरविला. तळाशीं वाडवडिलांचा ओला कचरा कुजून काळेंभोर खत होऊन बसला होता, तें चाळून घेतलें, आणि हुकूम केला कीं हिरवी बादली मोकळी जाहली कीं तींत ओंजळभर खत घालावें, आणि निळींत, आलेल्या रद्दीचीच पुडी करून तींत चिमूटभर धने बांधून ठेवावे, आणि मगच बादली दारीं द्यावी, आणि देतांना झटकूं नये. आतां बादल्या तर तांदळांत आणि पिठांत गुंतलेल्या. म्हणोन बाबाजी सुपांत खत आणि वर धन्याची पुडी घेऊन आवडाबाईंच्या ओट्याशीं गेले आणि खालीं मान घालून म्हणाले, "मागच्या खेपेचें राहिलें होतें, मावशी." आवडाबाईंनीं खत चिमटींत घेऊन चुरडलें, पुडी उघडून धने पाहिले, आणि आंत वळून हांक मारिली, "अगं, तांदूळ डब्यांत काढा. बादली मोकळी करा." दुपारपर्यंत साऱ्या राज्यांत पिठें आणि तांदूळ डब्यांत गेले.

पुढें जें जाहलें तें पंतांच्या मसलतींत नव्हतें. फुटक्या माठांत, गळक्या पिंपांत, आजोबांच्या जुन्या शिरस्त्राणांत म्हणजे स्कूटरच्या टोपींत कोथिंबीर उगवली. आतां उपकाराचें ओझें बायकांकडे आलें, आणि जो खत देतो त्यास ओल्यांत कांच कशी द्यावी, प्लास्टिक कसें द्यावें, ही लाज उत्पन्न जाहली, आणि निवडण्यांत चढाओढ लागली. आणि पहिली कोथिंबीर हातीं आली तेव्हां हिरव्या बादलीच्या झांकणावर केळीच्या पानांत गरम वड्या येऊं लागल्या, बाबाजींकरितां. एका आळीनें वड्या दिल्या म्हणोन दुसरीनें थालीपीठ दिलें, आणि माघापर्यंत सरनौबतांचा सदरा बटणास दाद देईना. सालींस तर ऐसा भाव आला कीं सून काकडी न सोलतां खाऊं लागली तर सासू म्हणे, "घराण्याची बादली बुडवशील." आणि भरल्या घरच्या बायका शेजारीं वाटी घेऊन जात आणि म्हणत, "जरा दुधी भोपळ्याचीं सालें द्या, पाहुणे नाहींत, स्वयंपाक थोडा आहे." ओढ्याकडे कांहीं जाईना, डोंगरावर वरून कांहीं पडेना, आणि खत पाहिजे म्हणोन खालून उकरणें चालूच.

शिमग्यास हुजूर स्वारी करून डोंगर पाहण्यास आले आणि मागची टेंकडी, जी कोणी पाहिली नव्हती, ती त्यांस दिसली. हुजूर म्हणाले, "पंत, परसूं वांचलें." पंतांनीं डोळे मिटले आणि मनांत झोपाळ्याची एक कडी वाजली. परंतु हुजूर पुढें म्हणाले, "आतां खताचा नवा खड्डा गांवांत घ्यावा म्हणतों. कोठें घ्यावा?" तों एकच गलका जाहला. ज्या राज्यांत ढिगाचें नांव काढितां लोक नाक धरीत, तेथें साळी आळी म्हणे आमच्याकडे, कुंभार आळी म्हणे आमच्याकडे, आणि आवडाबाई पदर खोंचून म्हणाल्या, "पहिली बादली आमची. मान तांबट आळीचा." तेव्हां द्वारकाबाई बायकांतून उठल्या आणि म्हणाल्या, "हुजूर, जागेचा निवाडा भरदरबारीं झालेला आहे. आमचें परसूं. मोजणीही झाली."

पंत म्हणाले, "अगं, तें डोंगर न उतरला तर."

"तुम्ही मधें बोलूं नका. राज्याचा शब्द आहे."

हुजुरांनीं आळ्यांकडे पाहिलें, खोंचलेल्या पदरांकडे पाहिलें, आणि त्यांस राज्यनीति सुचली. म्हणाले, "शब्द दिला खरा. पंत, परसूं गेलें." आवडाबाई म्हणाल्या, "जिंकलांत, सुभेदारीणबाई. पण पहिली पाटी मी नेणार." द्वारकाबाई म्हणाल्या, "या कीं. चहालाच या."

मग लिंबोणीपाशीं खड्डा जाहला आणि झोपाळा चार हात सरकला. सायंकाळीं पंत चहा घेऊन बसत तों बायका पाट्या घेऊन येत आणि म्हणत, "पंत, जरा पाय वर घ्या," आणि पंत पाय वर घेत. खताची घाण येते कीं काय म्हणोन पंतांनीं नाक फार लाविलें, परंतु येईना, आणि तक्रारीस जागा उरली नाहीं याचें त्यांस कांहीं दिवस वाईट वाटलें. पुढें लिंबोणी दुप्पट फळली आणि तेंही राहिलें नाहीं.

येणेंप्रमाणें डोंगर उतरला, ओढा वाहता जाहला, सुभेदारांची सुभेदारी राहिली आणि डुलकी गेली. द्वारकाबाईंचा अंमल त्या दिवसापासून परसाबाहेर पसरला, तो अद्याप चालू आहे आणि राज्य सुखी आहे. घडलें तैसें लिहिलें. वाचणारांनीं हंसून घ्यावें, भांडूं नये, हे विनंती.