पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

अख्ख्या केज तालुक्यात कॉम्प्युटर सांभाळावा तर भीमाशंकर आप्पानं, म्हणजे मीच! नव्व्याण्णव साली आमच्या समाजमंदिरात 'युवा कला व संगणक केंद्र' उघडलं आणि मी झालो संचालक. सहा महिन्यांत यंत्रावर एक ओरखडा नाही. असणार कसा? कुणाला हातच लावू दिला नव्हता!

बावीस पोरं-पोरी यायची. चित्रकलेत तरबेज असलेल्या पंचशीलानं कॉम्प्युटरच्या पुस्तकात बघून पुठ्ठ्यांवर कीबोर्ड रंगवले, मराठी अक्षरांसकट. त्यावर सगळी ठकठक करत बसायची. मला वाटलं, भातुकली चाललीय. चालू द्या, वीज तरी जळत नाही!

मग बीडहून पत्र आलं: केंद्राची तपासणी होईल, विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर येत नसेल, तर तो परत नेला जाईल.

मी डगमगतोय होय! साहेबांची जीप दारात लागताच कव्हर काढलं, हळदीकुंकू वाहिलं अन् नारळ असा दणक्यात फोडला, की पाणी थेट कीबोर्डात! यंत्र चालू केलं, तर निवडून आलेला पुढारी गप्प होतो तसा कीबोर्ड गप्प, एक अक्षर उमटेना.

साहेबांनी खोली न्याहाळली. "कॉम्प्युटर बंद. अन् हे पुठ्ठे कसले?"

"कलाकुसर, साहेब!" मी ठोकून दिलं.

"म्हणजे कॉम्प्युटर कुणालाच येत नाही. उचला, टाका जीपमध्ये!"

पंचशीला दारात आडवी उभी राहिली. "न्हाई जायचा."

"अगं, साहेबांना वाट दे!" मी ओरडलो.

"काहून द्यावी, आप्पा? सहा महिने तुमी हात लावू देईनात, आता हे घेऊन चाललेत. आमी काय नुसता वास घ्यायचा? साहेब, एक तास द्या. न्हाई चालला, तर मीच जीपमधी ठिवते."

पोरांतल्या बाळूनं कीबोर्ड पत्र्यावर उन्हात पालथा घातला. मे महिना, तासाभरात पापड व्हावा असं ऊन! बाकीची पोरं दारात मांडी ठोकून बसली. आत साहेब आणि मी, एकमेकांचा घाम बघत.

तासानं कीबोर्ड जोडला. साहेब गुरगुरले, "तपासणीचा अहवाल सांगतो. घे लिहून!"

पंचशीलानं बोटांकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांच्या तोंडून शब्द सुटायचा अवकाश, की पडद्यावर हजर! 'ळ' तेवढा अजून ओला होता, दोनदा दाबावा लागला.

"कुठं शिकलीस?"

"ह्या कलाकुसरीवर, साहेब."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी छताकडे.

"लिही," ते म्हणाले, "केंद्र इथंच राहील. कॉम्प्युटर रोज खुला ठेवावा. आणखी काही अडचण?"

"एकच हाय," म्हणत तिनं स्वतःच एक ओळ ठोकली. साहेबांनी वाचली, हसले, मान डोलावली.

प्रिंटरनं कागद बाहेर काढला. शेवटची ओळ: 'संचालक तातडीने बदलावा.' खाली 'मान्य' लिहून माझ्या सहीला जागा सोडलेली!

केली सही. घाबरून नव्हे हं! पण दारात एकवीस जण अजून बसलेले होते. मी दोनदा मोजले.