अकरा कामांचा एक नंबर

एका मंगळवारी सकाळी न्हाणीतल्या नळाची तोटी तुटली आणि भागवतराव इंगोल्यांनी ठरवलं, की आता गावाची सेवा करायची.

या दोन गोष्टींचा संबंध असा. तोटी तुटल्यावर ते नळवाला शोधायला बाहेर पडले. पाऊण मुखेड पालथं घालून, चार ठिकाणी चहा पिऊन, दोन तासांनी ते हात हलवत परत आले. तोवर उज्वलाबाईंनी तोटीच्या जागी लाकडाची खुंटी ठोकली होती, तिला सुतळी गुंडाळली होती आणि धुणंही उरकलं होतं. दुसरा एखादा नवरा खजील झाला असता. भागवतराव चौतीस वर्षं एका हायस्कुलात बाबू होते. त्यांना वाटलं, गावात माणसं आहेत, पण त्यांची यादी नाही. यादी नसली की माणूस असून नसल्यासारखा.

त्यात ते लोकमित्र मंडळाचे सचिव होते (अक्षर वळणदार होतं म्हणून, आणि निवडीच्या बैठकीला ते एकटेच वेळेवर पोहोचले होते म्हणून). मंडळातर्फे ‘मुखेडचे उपयोगी नंबर’ अशी पुस्तिका काढायची असं त्यांनी ठरवलं आणि कामाला लागले. भजनी मंडळं, बचत गट, मशीद कमिटी, रक्तदाते, टँकरवाले, गुरांचे डॉक्टर असे शंभरावर नंबर त्यांनी महिनाभर वणवण करून जमवले. अकरा नंबर मात्र मिळेनात. नळवाला, शववाहिका, बँड, साप पकडणारा, अॅम्ब्युलन्स, अशा नेमक्या अकरा जागी रकाना रिकामा.

भागवतरावांनी जन्मात रिकामा रकाना सोडला नव्हता. माहिती नसेल तिथं ‘निरंक’ लिहावं हा त्यांचा धर्म. पण सापासमोर ‘निरंक’ लिहिलं तर गावात सापच नाहीत असा अर्थ निघतो. म्हणून कच्च्या प्रतीपुरता त्यांनी त्या अकराही जागी एक नंबर घालून ठेवला. तोंडपाठ असलेला एकच नंबर होता आणि तो उज्वलाबाईंचा. स्वतःचा त्यांना पाठ नव्हता. स्वतःला फोन करायची वेळ कधी आली नव्हती.

छापखान्याच्या यासेरनं पुस्तिका जुळवली आणि फोन करून विचारलं, की बाबूसाब, बघून घेता, की मारू छापून? त्या वेळी भागवतराव न्हाव्याच्या खुर्चीत होते. तोंडाला फेस आणि गळ्याशी वस्तरा. त्यांना म्हणायचं होतं, ‘थांब, अकरा जागा भरायच्यात.’ त्यांच्या नाकातून फक्त ‘हूं’ निघालं.

यासेर कामाचा वक्तशीर. पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन हजार पुस्तिका गावभर वाटून झाल्या.

पहिला फोन आला तेव्हा उज्वलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी कोपरानं बटण दाबलं. पलीकडून गाडी रिकामी आहे का, असं विचारलं गेलं. कुठली गाडी, असं यांनी विचारलं. शेवटची, असं उत्तर आलं. उज्वलाबाईंना वाटलं नांदेडची शेवटची एसटी. त्या म्हणाल्या, ती रिकामी कशी असेल, माणसं उभ्यानं जातात. पलीकडच्यानं घाबरून फोन ठेवला.

दुसऱ्यानं सात तारखेला वाजवायला याल का विचारलं. तिसऱ्याच्या घरात साप निघाला होता आणि तो पाटावर उभा राहून बोलत होता. एवढं होईपर्यंत तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती आणि भागवतराव पुस्तिकेत तो एकच नंबर किती जागी छापलाय ते बोटानं मोजत होते.

“अहो,” उज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या, “मी बँड कधीपासून वाजवून राहिले?”

भागवतरावांनी सगळं कबूल केलं. मग छापखाना गाठला. यासेर म्हणाला, “तुम्हीच हूं म्हणले ना बाबूसाब. माझ्याकडं हूं म्हणजे हाव, होकारच.”

आता छापलेल्या पुस्तिका परत गोळा करायच्या, एवढा एकच उपाय होता. भागवतराव पिशवी घेऊन दारोदार फिरले. संध्याकाळपर्यंत तेरा प्रती मिळाल्या, त्यातल्या दोन चिवड्याखालच्या. बाकी कुणी पुस्तिका सोडेना. लोकांनी ती दाराशी खिळ्याला टांगली होती. एक म्हातारी तर म्हणाली, की बाकीचे नंबर वाजून वाजून मरतात, ह्यो एक नंबर लई गुणाचा हाय, बाई लगेच उचलती.

अडचण खरी तीच होती. उज्वलाबाई फोन उचलत होत्या आणि ‘राँग नंबर’ म्हणत नव्हत्या. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. घरात साप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला राँग नंबर कसं म्हणायचं? त्यांनी शेजारच्या फरीदाला हाक मारली. फरीदा बायकांचे कपडे शिवायची, त्यामुळं अर्ध्या गावाची मापं आणि अख्ख्या गावाची नाती तिला पाठ.

“भाभी, साप पकडनेवाला ना? हमारा अजीज है की,” फरीदा म्हणाली. “माझ्या नणंदेचा दीर. दिवसा पंक्चर काढतो, बोलावलं की साप.”

अजीजनं अर्ध्या तासात साप पकडला. नळवाला उज्वलाबाईंच्या मैत्रिणीचा भाचा निघाला. शववाहिका चालवणारे गृहस्थ फरीदाच्या गल्लीतच राहत होते आणि बँडवाला वीरभद्र तर रोज समोरून भोंगा वाजवत जायचा. महिनाभर वणवण करून भागवतरावांना न मिळालेले अकरा नंबर दोघींनी भाजी निवडता निवडता चार दिवसांत मिळवले. उज्वलाबाईंनी शाळेची जुनी वही काढून त्यात लिहायला सुरुवात केली. फोन वाढतच गेले. आमटी करपू लागली, चहा गार मिळू लागला. एकदा भागवतरावांनी स्वतः चहा केला. त्यात साखरेऐवजी मीठ पडलं आणि तो सगळा पिऊन टाकून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

एका दुपारी उज्वलाबाई हळदीकुंकवाला गेल्या आणि फोन चार्जिंगला लावून गेल्या. भागवतरावांना निक्षून सांगून गेल्या, की फोन आला तर नाव लिहून घ्यायचं, बाकी काही करायचं नाही. दोन फोन आले. एक साखरपुड्याच्या घरचा, बँड हवा होता. दुसरा शहाण्णव वर्षांचे एक आजोबा गेले त्या घरचा. भागवतरावांनी दोन्ही पत्ते वळणदार अक्षरात दोन चिठ्ठ्यांवर लिहिले आणि तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दोन गाड्या पाठवता येणार नाहीत का, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी दोन फोन लावले. चिठ्ठ्या तेवढ्या उलट्या हातात होत्या.

मंडपात नवरीच्या हाती नारळ देत असतानाच दाराशी शववाहिका येऊन उभी राहिली आणि चालकानं अदबीनं विचारलं, “किती वेळ आहे अजून?”

तिकडं आजोबांच्या दारात वीरभद्रचा अख्खा बँड उतरला आणि त्यांनी सवयीनं नाचायची चाल धरली. आजोबांचा मोठा मुलगा, तोही सत्तरीचा, आधी थबकला, मग रडत रडत म्हणाला, की बापाला बँडचा लई नाद होता, वाजू द्या. आजोबांची यात्रा अशी निघाली, की गाव महिनाभर नाव घेत होतं.

साखरपुड्याच्या घरी मात्र नवरीचे काका काठी घेऊन बाहेर आले होते. लग्न मोडायची भाषा सुरू झाली. हे कळताच उज्वलाबाई हळदीकुंकवाच्या कपाळानं तशाच तिथं धावत गेल्या. नवरदेवाच्या आईचा हात धरून त्या म्हणाल्या, “ताई, ती गाडी मंडपाच्या दारी रिकामी आली आणि रिकामीच गेली. याच्यापेक्षा मोठा शकुन सांगा मला.”

नवरदेवाच्या आईनं थोडा विचार केला. मग चालकाला बोलावून पेढा दिला. लग्न ठरलं.

घरी आल्यावर उज्वलाबाई स्टुलावर चढल्या. फोनचा चार्जर त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथं भागवतरावांचा हात पोहोचत नव्हता.

मग भाद्रपदात तो पाऊस आला. दोन दिवस थांबायचं नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ओढ्यापलीकडच्या वाडीतून सरजाबाई नावाची बाई बोलत होती. सुनेला कळा सुरू होत्या, पाणी पुलावरून चाललं होतं, आणि पोरगा कामाला पुण्याला. सरजाबाई रडत नव्हती, त्याचीच उज्वलाबाईंना भीती वाटली.

“मावशी, फोन ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पाठीवर माझा हात हाय असं समजा.”

फरीदा आपला फोन घेऊन धावत आली. एका फोनवर सरजाबाई, दुसऱ्यावर बाकी सगळं गाव. अॅम्ब्युलन्सच्या माणिकप्पाचा फोन बंद होता. त्याला घरून उठवायला भागवतरावांना पिटाळलं. ते निघाले ते एका पायात चप्पल, एका पायात बूट असे. तोवर उज्वलाबाईंना वहीतलं आठवलं, की वीरभद्रचा बँड आज ओढ्याच्या पलीकडंच एका बारशाला गेलाय. त्याचा टेम्पो वाडीपासून तीन मैलांवर. आणि त्याच बारशाच्या गावात फरीदाची मामेबहीण सदफ नर्स होती. टेम्पोनं सदफला घेऊन वाडीतून सुनेला उचलायचं, पुलावरून यायचं नाही, मागच्या घाटातून लांबच्या रस्त्यानं डांबरी सडकेला यायचं, माणिकप्पानं तिथं थांबायचं, असं ठरलं.

माणिकप्पाच्या शेजारी बसून भागवतरावांनी फोन कानाला धरला. त्यांना काम एकच दिलं होतं. उज्वलाबाई सांगतील ते माणिकप्पाला सांगायचं आणि मनाचं काही घालायचं नाही. चौतीस वर्षांत इतकं अचूक काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. ‘डावीकडं’ म्हटलं की ते ‘डावीकडं’ म्हणत होते. बायको दम घ्यायला थांबली की तेही थांबत होते.

वळणावर टेम्पो दिसला. आत ढोल आणि ताशे एका बाजूला रचलेले, दुसऱ्या बाजूला बँडवाल्यांच्या लाल कोटांची गादी करून सून निजवलेली, उशाशी सदफ, पायाशी सरजाबाई. बँडवाले बनियनवर, पावसात, टेम्पोच्या मागं लटकलेले. सुनेला अॅम्ब्युलन्समध्ये घेतलं, टेम्पो मागोमाग निघाला, आणि दवाखान्याच्या दारात पोहोचायला अन् बाळ यायला एकच गाठ पडली. मुलगी झाली. रडली ती अशी, की वीरभद्र म्हणाला, सूर पक्का हाय.

भागवतरावांनी फोन बाळाच्या दिशेनं धरला. पलीकडं उज्वलाबाईंना ते रडणं ऐकू गेलं. त्यांचा नाक ओढल्याचा आवाज आला आणि मागून फरीदाचं ‘या अल्ला, तेरा शुकर’. दवाखान्याच्या अंगणात बँडनं भिजल्या ढोलांवर वाजवायला घेतलं. तिथल्या नर्सनं बाहेर येऊन दटावेपर्यंत ते वाजवत राहिले, आणि दटावतानाही तिचा पाय ठेका धरत होता.

मुखेडात मग दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लोकमित्र मंडळाची बैठक भरली आणि इतिहासात प्रथमच खुर्च्या कमी पडल्या. सरजाबाई नातीला घेऊन आली आणि तिनं उज्वलाबाईंच्या ओटीत खण-नारळ घातला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. त्यात शंभर नंबर नकोत, एकच ठेवा, असा ठराव एकमतानं झाला. सचिवपदी उज्वलाबाई, सहसचिवपदी फरीदा. भागवतरावांनी तो ठराव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला, आणि लिहिताना त्यांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. बायको अशी असावी, असं ते शेजारच्या खुर्चीवाल्याला तीनदा म्हणाले.

फोनसाठी आता मंडळाची खोली मिळाली आणि बायकांच्या पाळ्या लागल्या. बचत गटाच्या कमलम्मा देगलूरकडून नव्यानंच आल्या होत्या, त्यांना दुपारची पाळी दिली.

त्याच आठवड्यात भागवतराव मुक्रमाबादच्या रस्त्यावर होते, आणि त्यांची स्कूटर पंक्चर झाली. भर उन्हात त्यांनी अभिमानानं तो नंबर लावला. कमलम्मांनी नाव विचारलं. भागवतराव हसून म्हणाले, की नाव कशाला, मी उज्वलाबाईंच्या घरचाच.

“सगळे तसंच सांगतात, अण्णा,” कमलम्मा मायेनं म्हणाल्या. “घाबरू नका. सावलीला बसा.”

अजीज वीस मिनिटांत आला आणि पंक्चर काढून गेला. भागवतरावांना भलतं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम मंडळाच्या खोलीवर गेले, आपली नोंद कशी झाली ते बघायला. वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. ‘गृहस्थ, वय अंदाजे पंच्याहत्तर’ (भागवतरावांना एकसष्ट चालू होतं). ‘अडचण: किरकोळ. काम: झाले.’

आणि शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात कमलम्मांनी गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘घरी यांना कुणी विचारत नसावे. पुन्हा फोन आल्यास प्रेमाने बोलावे.’

त्याखाली उज्वलाबाईंची सही होती. ‘तपासले, बरोबर आहे.’